सात दिवसांत उत्तर न आल्यास

सासूबाई सहा तारखेला पहाटे गेल्या आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो रॅम्पचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, घरातलं माणूस गेलं तरी हिला काम सुचतं. लोकांनी तसं म्हणू नये म्हणून मी पुढचे तेरा दिवस जशी वागले, त्याची ही हकिगत आहे.

रॅम्प इस्पितळाचा. हैदराबादेत सरकारी इस्पितळाची नवी इमारत उभी राहत होती, सात मजल्यांची. बांधणारा कंत्राटदार, बांधून घेणारं सरकारी खातं आणि दोघांच्या मध्ये आमची सल्लागार कंपनी. त्या कंपनीत डिझाइन मॅनेजर मी, चारुलता. कुठलंही ड्रॉइंग माझ्या सहीशिवाय साइटवर जायचं नाही. लोकांना वाटतं इमारती सिमेंटच्या असतात. सरकारी इमारत आधी कागदाची असते. कागद कुठे अडला, कोणी दाबला, कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलावर गेला, यावर तिचे खांब कुठे येणार ते ठरतं. तेवीस वर्षं मी हेच करत आले आहे आणि त्यात मी हुशार आहे असा माझा समज होता.

रॅम्पचं वेड माझ्या डोक्यात शिरलं ते बाबा गेले तेव्हा. बाबा जामबागेतल्या शाळेत गणित शिकवायचे. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांना धाप लागली म्हणून आम्ही त्यांना एका जुन्या सरकारी इस्पितळात नेलं. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. तिथला वॉर्डबॉय म्हणाला, "लिफ्ट बंद है अम्मा, सीढियों से लेको जाव." प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी बाबांना उचललं. मी मागून खुर्ची धरली आणि आई शेजारून सलाइनची बाटली उंच धरून चढत होती. आई पाच फुटांची. तिचा हात खाली यायला लागला की नळीत रक्त उलटं चढायचं, मग ती पुन्हा टाचा उंचावायची. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली, पोरांनी ती खाली टेकवली, आणि पुन्हा उचलेपर्यंत बाबांची मान एका बाजूला पडली होती. तरीही आम्ही त्यांना तिसऱ्या मजल्यावर नेलं. बाटली तशीच वर धरून आई चढत राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "एवढं मोठं सरकार, आणि साधा एक उतार बांधता येत नाही का गं त्यांना?" रॅम्प हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ती उतारच म्हणायची.

या नव्या इस्पितळाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी तिच्याकडे काचीगुड्याला गेले, माझ्या भावाच्या घरी, आणि तिला सांगून टाकलं की आई, या इमारतीत उतार असेल. तळापासून सातव्या मजल्यापर्यंत, स्ट्रेचर ढकलत नेता येईल असा. ती म्हणाली, "मग उद्घाटनाला मला ने. मी चढून बघेन." माझं हे पहिलं वचन नव्हतं, पण लेखी नसलेलं एवढं एकच मी मनावर घेतलं होतं.

आता रॅम्प म्हटला की तो कोणालाच नको असतो. एक मजला चढायला पन्नास मीटर उतार लागतो. प्रत्येक मजल्यावर आठ खोल्यांची जागा तो खातो. खात्याला तिथे अधिकाऱ्यांसाठी स्पेशल रूम हव्या होत्या. कंत्राटदाराला तिरक्या स्लॅबचं सेंट्रिंग म्हणजे डोकेदुखी. आर्किटेक्टला वाटायचं दर्शनी भाग बिघडतो. प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणायचं, "मॅडम, आजकाल लिफ्ट बंद पडत नाहीत." मी विचारायची, "लेखी देता का?" मग सगळे चहा मागवायचे. असं करत तीन वर्षं मी तो रॅम्प ड्रॉइंगमध्ये टिकवला, तळघरात त्याचे खांब उभे केले, आणि पहिल्या मजल्याच्या स्लॅबमध्ये त्याच्यासाठी मोकळी जागा सोडायची एवढंच उरलं होतं. ती जागा सुटली की पुढे तो काढायची कोणाची ताकद नव्हती.

याच काळात मी आणखी एक शहाणपण केलं. पूर्वी ड्रॉइंग मंजुरीला गेलं की महिनेन् महिने कोणाच्या तरी टेबलावर पडून राहायचं. या कंत्राटात मी कलम घालून घेतलं, की ड्रॉइंग आलं आणि सात दिवसांत उत्तर न आल्यास ते मंजूर समजावं. खात्यातल्या लोकांची झोप उडाली. आमच्या कंपनीने माझं कौतुक केलं, बंगळूरच्या ऑफिसने ते कलम मागवून घेतलं. ते कलम माझ्या हातचं आहे हे मी तेव्हा चारचौघांत आवर्जून सांगायची.

कंत्राटदाराकडून ड्रॉइंगचं बघायचा तो कुलदीप. नामपल्लीत जन्मलेला, मूळ घर भालकीकडचं, म्हणजे आमच्यासारखंच जुन्या हैदराबाद संस्थानातलं शेतकरी घर. मीटिंग सगळी तेलुगू आणि हिंदीत चालायची; मध्येच तो माझ्याकडे वळून मराठीत हळूच काहीतरी बोलायचा आणि मला बरं वाटायचं. घरी मुलगी ईशा माझ्याशी इंग्रजीत बोलते, नवऱ्याला बोलायला वेळ नसतो. मराठीत थट्टा करणारा माणूस मला साइटवर भेटला होता. तिळगूळ आणून द्यायचा, चतुर्थीला विचारायचा, "मॅडम, आज उपास आहे ना तुमचा? मग ते समोसे इकडे द्या."

तर सासूबाई गेल्या.

त्या चौदा महिने अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मंगलाने केलं, पगारी बाईने. मी सकाळी आठला विद्यानगरच्या घरातून निघायची ती दिवेलागणीनंतर परतायची. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "आलीस का? मंगलाने भरवलं मला." त्यात काही टोमणा होता की नव्हता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. अंत्यविधीला जमलेल्या बायकांत मी कुजबुज ऐकली, "सून कुठली, मंगलानेच तोंडात पाणी घातलं." ते खरं होतं. मी तेव्हा अंघोळीला गेले होते, पण हे कोणाला सांगत बसणार.

उदगीरहून भामाआत्या आल्या. अरविंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची ही आत्या, आणि घरातलं उरलेलं एकमेव वडीलधारं माणूस. आल्या आल्या त्यांनी सगळं हातात घेतलं. जिथे सासूबाईंनी प्राण सोडला तिथे दिवा लावला आणि मला त्याच्यापाशी बसवलं. "ह्याच्यातलं तेल संपू द्यायचं न्हाई," म्हणाल्या. "आन् तेरा दिस उंबरा वलांडायचा न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला, पाच मिनिटांसाठी. आत्या दारात उभ्या राहिल्या. "हे काय करलालीस गं? जितेपणी तिच्यापाशी बसली न्हाईस, आता तरी बस."

मी लॅपटॉप मिटला. मला राग आला, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली. आणि एक खरं सांगते, मनातून मला तेच हवं होतं. चौदा महिन्यांचं सगळं तेरा दिवसांत फिटेल असं वाटलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मला त्या दिव्यापाशी बसलेलं बघावं, असंही वाटलं.

अरविंदने दहाव्याला मुंडन केलं. त्याआधी आणि त्यानंतर तो रोज बाल्कनीत बसून कंपनीच्या मीटिंग करत होता, कानात यंत्र घालून, कमरेला पंचा. त्याच्या प्रोजेक्टची काहीतरी तारीख होती. एकदा त्याच्या हसण्याचा आवाज आला. आत्यांकडे मी बघितलं, तर त्या म्हणाल्या, "त्याची नोकरी हाय बाई, काय करल." मी दिव्यात तेल घातलं.

ऑफिसला कळवताना मी रजेचा अर्ज पाठवला. चार्ज कोणाला देता, असं त्यात विचारतात. माझ्या हाताखाली योगिनी होती, नऊ वर्षांची अनुभवी, माझ्याहून बारकाईने ड्रॉइंग वाचणारी. तिच्या नावाने चार्ज द्यायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी दिला नाही. रॅम्पच्या बाबतीत माझा कोणावर विश्वास नव्हता. योगिनी नरम आहे, कोणी मोठ्या आवाजात बोललं की मान डोलावेल, असं मला वाटायचं. मी लिहिलं, चार्ज कोणालाही नाही, परत आल्यावर मी बघेन. तेरा दिवसांत काय होणार होतं.

तिसऱ्या दिवशी, आठ तारखेला, कुलदीप भेटायला आला. पांढरा शर्ट घालून, रिकाम्या हाताने. सुतकाच्या घरी काही न्यायचं नसतं हे त्याला सांगावं लागलं नाही. खाली सतरंजीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. आत्यांना त्याने गाव विचारलं, उदगीर म्हटल्यावर दोन ओळखी निघाल्या. आत्या खूश झाल्या. मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, तेरावं कधी आहे?"

"अठराला."

"म्हणजे एकोणीसला तुम्ही ऑफिसात."

"हो."

त्याने बोटाच्या पेरांवर मोजलं. माझ्यासमोर मोजलं. "तोपर्यंत मी साइटवरनं एक फोन पण तुम्हाला येऊ देणार नाही. टेन्शन कायको घेता. आमच्या आजीच्या वेळी मी पण तेरा दिवस फोन बंद ठेवला होता. आईचं सूतक आहे, व्यवस्थित पाळा."

त्याच्या या बोलण्याने माझे डोळे भरून आले, ते सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा. मी माझा फोन अरविंदकडे देऊन टाकला आणि सांगितलं, फारच काही असेल तर मला सांग.

एकोणीस तारखेला सकाळी मी थेट साइटवर गेले. पहिल्या मजल्यावर चढले आणि समोर पाणी दिसलं. स्लॅब टाकला की तो मुरावा म्हणून त्याच्यावर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बांध घालून पाणी साठवतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याचे चौकोन होते. रॅम्पसाठी जिथे जागा मोकळी सोडायची होती, तिथेही पाणी होतं. मला आधी वाटलं मी चुकीच्या बाजूला उभी आहे. खांबांचे नंबर मोजले. पुन्हा मोजले. मग चप्पल काढून त्या पाण्यात उतरले आणि जिथून उतार वर यायचा तिथपर्यंत चालत गेले. पायाखाली पक्कं काँक्रीट लागत होतं.

सेंट्रिंगवाला मुकादम लांबून ओरडला, "मॅडम, स्लॅब अच्छा हुआ ना? दो दिन में मार दिया."

योगिनी ऑफिसात माझी वाट बघत बसली होती. तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आठ तारखेची मेल, संध्याकाळी पाच चाळीसची. कुलदीप माझ्या घरून साडेचारला निघाला होता. 'जागेच्या योग्य वापरासाठी सुधारित ड्रॉइंग, मंजुरीसाठी सादर.' रॅम्प काढून टाकलेला. त्या जागी दोन जास्तीच्या लिफ्ट, जनरेटर आणि स्पेशल रूम. खाली पंधरा तारखेची दुसरी मेल, दोन ओळींची. अमुक कलमानुसार सात दिवसांत उत्तर न आल्यामुळे ड्रॉइंग मंजूर समजून काम सुरू करत आहोत. सोळा आणि सतरा तारखेला त्यांनी स्लॅब टाकला.

"तू बघितली होतीस?" मी विचारलं.

"नऊ तारखेलाच बघितली, मॅडम. उत्तर लिहून पण ठेवलंय. नामंजूर, बारा मुद्दे." तिने ते दाखवलं. चांगलं उत्तर होतं. मी लिहिलं असतं त्याहून कडक होतं. "पण मला सहीचा अधिकार नव्हता. वरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले मॅडमनी चार्ज दिलेला नाही, त्यांनाच विचारा. मी तुम्हाला फोन केला. तीन वेळा केला. सरांनी उचलला."

"काय म्हणाले सर?"

योगिनी खाली बघायला लागली. "म्हणाले, घरात कार्य आहे, अठरा तारखेनंतर करा."

मी त्या दिवशी कोणावर आधी ओरडावं याचा हिशेबच लागत नव्हता, म्हणून मी कुलदीपकडे गेले. तो त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये डबा खात होता. मला बघून उठून उभा राहिला आणि खुर्ची दिली.

"मी बसायला आले नाही. आठ तारखेला तू माझ्या घरी कशाला आला होतास?"

"भेटायला, मॅडम."

"तारीख विचारायला आला होतास."

"भेटायलाच आलो होतो," तो शांतपणे म्हणाला. "तारीख सगळेच विचारतात. ड्रॉइंग आमच्याकडं महिन्यापासून तयार होतं. वरनं प्रेशर होतं. तुम्ही असताना दिलं असतं तर तुम्ही फेकून दिलं असतं. तुम्ही नसताना दिलं. यात मी खोटं काय केलं? कलम तुमचंच आहे."

"मला एक फोन करता आला नाही तुला?"

"सुतकाच्या घरी फोन करून सही मागू मी? मॅडम, आमच्यात पण रीत असते." तो खरोखर दुखावल्यासारखा दिसला. मला सगळ्यात जास्त चीड याची आली, की त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याच्या मनात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने राहत होत्या. मी त्याच्या टेबलावरचा ड्रॉइंगचा गठ्ठा उचलून जमिनीवर फेकला आणि बाहेर आले. मागे तो एकेक कागद उचलून नीट घडी घालत होता.

खात्याकडून या कामाचे मुख्य अभियंता होते, त्यांना सगळे आबासाहेब म्हणायचे. नांदेडकडचे, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. मी त्यांना दहा पानी पत्र दिलं: स्लॅबचा तेवढा भाग तोडावा, रॅम्प मूळ ड्रॉइंगप्रमाणे घ्यावा. त्यांनी ते पूर्ण वाचलं. वाचणारा अधिकारी मिळाला म्हणून मला क्षणभर आशा वाटली.

"चारुलताबाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हा सरकारी स्लॅब आहे. चांगला मजबूत झालेला स्लॅब फोडायचा तर कारण लागतं. डिझाइन चुकलं असं लिहू? तर ते मंजूर कोणी केलं असं विचारतील. तुम्ही उत्तर दिलं नाही असं लिहू? तर का नाही दिलं असं विचारतील."

"माझ्या घरी सूतक होतं."

"ते मला कळतं हो. मी पण पाळतो." त्यांनी चष्मा काढला. "पण फायलीवर कसं लिहू? सरकारला सूतक नसतं."

त्यांनी माझ्या पत्रावर 'नोंद घेतली' असं लिहून खाली सही केली. मी ते परत घेऊन आले.

घरी आल्यावर अरविंदला विचारलं. तो म्हणाला, "तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं. तू इतकी शांत बसली होतीस त्या दिव्यापाशी. लग्नानंतर पहिल्यांदा तुला इतकी शांत बघितली मी." मग जरा वेळाने म्हणाला, "आणि एका रॅम्पचं एवढं काय?" बाबा गेले तेव्हा तो माझ्यासोबत स्मशानात होता. त्याला ती खुर्ची, ती बाटली, सगळं माहीत होतं. मी त्याला पुन्हा सांगितलं नाही. बाल्कनीत त्याचा लॅपटॉप उघडा होता, तो मी जाऊन मिटला आणि स्वयंपाकाला लागले.

माझ्या शांततेची सगळ्यांनी किती काळजी घेतली, हा विचार नंतर कित्येक महिने माझा पिच्छा सोडत नव्हता. आत्यांनी घेतली, नवऱ्याने घेतली, कुलदीपने तर सगळ्यात जास्त घेतली. एकटी योगिनी मला त्रास द्यायला धडपडत होती आणि तिचे हात मीच बांधून गेले होते. तिची माफी मागायला मला चार महिने लागले. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम," आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत निघून गेली.

मी नोकरी सोडली नाही. राजीनामा लिहिला होता, पण मी गेले असते तर उरलेलं इस्पितळही त्यांनी हवं तसं केलं असतं. मग प्रत्येक खोलीचं दार स्ट्रेचर जाईल एवढं रुंद करून घेतलं, प्रत्येक संडासात धरायला दांडा बसवून घेतला. तळघरात रॅम्पचे खांब तसेच होते. ते आता नुसता स्लॅब पेलत होते. त्या बाजूला मी फारशी जात नसे.

आईला मी काही सांगितलं नाही. दर भेटीत तिचा प्रश्न ठरलेला. "उतार कुठवर आला?" मी म्हणायची, "होतंय." कधी म्हणायची, चौथ्यापर्यंत आला. सव्वादोन वर्षं मी तिच्यासाठी तो उतार मजल्यामागून मजला चढवत नेला. शेवटी सातव्या मजल्यापर्यंत नेऊन पोचवला.

उद्घाटन झालं. फिती कापणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी, आई भावाबरोबर रिक्षाने आली. नेसून आली होती ठेवणीतलं नऊवारी लुगडं, हातात काठी. नको म्हणायचं बळ मला झालं नाही. भाऊ गाडी लावायला थांबतात तसा उगाच गेटवर रेंगाळला; त्याला माहीत होतं.

आत ग्रॅनाइटची चकचकीत फरशी होती. आई जपून चालत होती, वर बघत होती, खूश होती. "हे सगळं तुझ्या सहीने?" मी हो म्हटलं. मग ती थांबली आणि चारी बाजूंना बघायला लागली.

"उतार कुठाय गं?"

जिथे तो असायला हवा होता तिथे काचेचं दार होतं आणि त्यावर 'स्पेशल रूम' लिहिलं होतं. मी त्या दाराकडे बघत म्हणाले, "आई, तो झालाच नाही. मी तुला खोटं सांगत होते."

"का?"

मी कुलदीपचं नाव घेऊ शकले असते. आबासाहेबांचं, अरविंदचं, कलमाचं. दोन वर्षं मी मनात याच उत्तराची तयारी केली होती आणि ते प्रत्येक वेळी वेगळं व्हायचं. "नेमक्या तेव्हाच सासूबाई गेल्या," मी म्हणाले. "तेरा दिवस मी घरात बसून होते. मेल बघितली नाही, फोन घेतला नाही. तेवढ्यात त्यांनी उतार काढून टाकला आणि वर स्लॅब घातला."

मी वाट बघत उभी राहिले. तिने मला बोलावं असं मला फार वाटत होतं. अख्ख्या जगात ती एकटी अशी होती जिला मला शिव्या द्यायचा हक्क होता, आणि तिने दिल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. तिने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझा हात धरला. बाटली धरली होती तो हात.

"सगळे तेरा दिवस पाळलेस?"

"हो."

"एकदाही फोन घेतला नाहीस?"

"नाही."

तिचा चेहरा सैल झाला. कित्येक वर्षांत माझ्याकडे तिने इतक्या समाधानाने बघितलं नव्हतं. "बरं केलंस," ती म्हणाली. "सासरच्यांना बोलायला जागा ठेवली नाहीस. तुझ्या बाबांना ऐकून बरं वाटलं असतं."

मग तिला वरचे वॉर्ड बघायचे होते. सहापैकी चार लिफ्ट अजून सुरू झाल्या नव्हत्या. उरलेल्या दोन लिफ्टसमोर स्ट्रेचर, खुर्च्या आणि माणसं अशी मोठी रांग लागली होती. आम्ही तिच्या शेवटी जाऊन उभ्या राहिलो.